गाईची अवजारं

जंगलात दोन हरणं माणसांसारखी मागच्या पायांवर उभी आहेत. संध्याकाळी कुंपणापाशी दोन शेजारी बोलत उभे राहतात, तशी. एकाच्या छातीवर वर्तुळात वर्तुळ, त्याच्या आत आणखी एक वर्तुळ अशी खूण आहे. नेमबाजीच्या सरावाला जे लक्ष्य टांगतात, अगदी तशी. दुसरं हरीण त्याला कळवळून सांगतंय की गड्या, जन्मखूण भलतीच वाईट आली रे तुझी. चित्र एवढंच. शिकारी नाही, बंदूक नाही, रक्त तर नाहीच. तरी पाहणाऱ्याला झाडांमागे रोखलेली नळी दिसते. ती चित्रकाराने काढलेली नाही, आपण आपल्या पदरची आणली आहे.

हे चित्र गॅरी लार्सन यांचं. 'द फार साइड' या नावाने १९८० ते १९९४ अशी पंधरा वर्षं ते अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज एक चौकट काढत होते. एका चौकटीच्या हास्यचित्राचं सगळं बळ मला त्या हरणाच्या छातीवर दिसतं. तीन-चार चौकटींच्या पट्टीत चित्रकाराला दम खायला जागा असते. आधी प्रसंग मांडायचा, मग वाढवायचा, शेवटच्या चौकटीत उडवायचा. एका चौकटीत काळ थांबलेला असतो. आधी काय झालं आणि पुढे काय होणार हे दोन्ही कागदाच्या बाहेर असतं, आणि ते वाचकाने भरायचं असतं. म्हणून असं चित्र अर्धं कागदावर छापलं जातं आणि अर्धं वाचकाच्या डोक्यात. या पुस्तकाच्या आरंभी मला जे सांगायचं आहे ते याच दुसऱ्या अर्ध्याबद्दल. लार्सन यांनी ते वाचकावर ज्या भरवशाने सोपवलं, तो भरवसा वर्तमानपत्रांच्या दुनियेत विरळा होता आणि आजही आहे.

हा प्रकार त्यांनी शोधून काढला असं नाही. इंग्लंडमध्ये १८४१ साली निघालेल्या 'पंच' साप्ताहिकात चित्राखाली दोघा-तिघांचा सबंध संवाद छापत. चित्र झाकलं तरी विनोद कळायचा. १९२५ साली सुरू झालेल्या 'न्यूयॉर्कर'मध्ये ही मजकुराची सूज उतरत गेली आणि एक चित्र, एक वाक्य, बोलणारा एकच असा घाट ठरला. जेम्स थर्बर यांचं १९३२ सालचं सीलचं चित्र त्या घाटाचा उत्तम नमुना आहे. नवरा-बायको पलंगावर आहेत, बायको नवऱ्यावर वैतागली आहे, कारण त्याला म्हणे सील भुंकताना ऐकू आलं. आणि उशाच्या फळीवर खरोखरच एक सील बसलं आहे. थर्बर मुळात खडकावरचं सील काढत होते. खडक पलंगाच्या उशासारखा दिसायला लागला, तेव्हा त्यांनी खाली पलंग काढून टाकला. चार्ल्स अॅडम्स आणि पुढे बी. क्लिबन हे याच घराण्यातले. लार्सन त्या घराण्यातून आले, फक्त ते मासिकातून न येता रोजच्या वर्तमानपत्रातून आले, आणि हा फरक मोठा आहे. 'न्यूयॉर्कर' विकत घेणारा माणूस काय घेतो आहे ते जाणून घेतो. वर्तमानपत्र मात्र घरातले सगळेच उघडतात, आजी आणि सात वर्षांचा नातूसुद्धा.

माझी आणि या चित्रांची ओळख पत्राच्या पाकिटातून झाली. माझा मामेभाऊ अमेरिकेत शिकायला गेला होता आणि मी इकडे प्राणिशास्त्राच्या पदवीच्या वर्गात होतो. तो पत्राबरोबर एखादं कात्रण घडी घालून पाठवायचा. एकदा आलं ते गाईचं. कुरणात गाई चरताहेत. एकीने दचकून मान वर केली आहे आणि ती बाकीच्यांना ओरडून सांगते आहे की थांबा, हे गवत आहे, आपण इतका वेळ गवत खात होतो! मी ते चित्र प्रयोगशाळेत नेलं. आमच्या सरांनी चष्मा कपाळावर चढवून ते बराच वेळ पाहिलं, मग हसू आवरत नाही म्हणून खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवशी ते दारावर चिकटपट्टीने लावलेलं होतं. जगभरच्या जीवशास्त्राच्या विभागांत तेव्हा हेच चाललं होतं, हे मला फार नंतर कळलं.

ते चित्र आजोळी आजोबांना दाखवलं, तेव्हा मात्र ते हसले नाहीत. त्यांच्या गोठ्यातल्या गाईला नाव होतं, तिचं वासरू कोणत्या साली झालं ते त्यांना पाठ होतं, पोळ्याला बैलांबरोबर तिच्याही शिंगांना रंग लागायचा. त्यांनी विचारलं, तिला आत्ता का कळावं? मला वाटतं, त्यांचा प्रश्न चित्राच्या मर्मालाच हात घालणारा होता. लार्सन यांना गाय मुळातच गमतीची वाटते. त्यांच्या चित्रांत ती सारखी येते. तिचा चेहरा कोरा आहे, तिच्या मनात काय चाललंय याचा आपल्याला थांग नाही, म्हणून तिच्या मनात काहीही घालता येतं. आपल्याकडे गाईचा चेहरा कोरा नाही. त्यावर आधीच खूप काही लिहिलेलं आहे. तेव्हा मराठी वाचकाने या गाई पाहताना आपली गाय थोडा वेळ गोठ्यात बांधून ठेवावी, असं मी सुचवीन.

लार्सन यांचा जन्म १९५० साली अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा शहरात झाला. थोरला भाऊ डॅन त्यांना अंधाराची, तळघराची भीती घालायचा, आणि तोच त्यांना ओढ्याकाठी बेडूक, सॅलॅमँडर, साप पकडायला न्यायचा. त्या तळघरातच दोघांनी प्राणी पाळले. भीती आणि कुतूहल एकाच माणसाच्या हातून, एकाच जागी मिळाली. पुढे त्यांच्या चित्रांत पलंगाखालचा राक्षस आणि प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ गुण्यागोविंदाने नांदतात, त्याचं मूळ मला इथे दिसतं. ते वाद्यांच्या दुकानात नोकरी करत होते. नोकरीचा कंटाळा आला म्हणून १९७६ मध्ये काही दिवस रजा घेऊन त्यांनी सहा चित्रं काढली आणि सिअॅटलच्या एका निसर्गविषयक मासिकाला नेऊन दाखवली. सहाही घेतली गेली, नव्वद डॉलर मिळाले.

१९७९ मध्ये 'सिअॅटल टाइम्स'ने त्यांचं 'नेचर्स वे' हे साप्ताहिक सदर सुरू केलं आणि ते लहान मुलांच्या शब्दकोड्याशेजारी छापलं. तक्रारी आल्या. त्याच वर्षी लार्सन आपल्या चित्रांचा गठ्ठा घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला गेले. तिथल्या 'क्रॉनिकल'च्या मंडळींनी चित्रं ठेवून घेतली, सिंडिकेटमार्फत इतर वर्तमानपत्रांनाही पुरवायचं ठरवलं आणि सदराला नवं नाव दिलं. 'द फार साइड' हे नाव लार्सन यांचं नाही, त्या मंडळींचं आहे. लार्सन घरी परततात तोच सिअॅटलचं सदर बंद झाल्याचं पत्र आलं. हे दोन प्रसंग उलट्या क्रमाने घडले असते, तर एवढ्या बुजऱ्या माणसाने सॅन फ्रान्सिस्कोचा रस्ता धरला असता का, याची मला शंका आहे.

चित्रं पाहिली की आधी त्यांतली माणसं डोळ्यांत भरतात. उंच अंबाड्याच्या, मांजराच्या डोळ्यांसारख्या चष्म्याच्या जाडजूड बायका. तसाच चष्मा लावलेली गोल मुलं. पांढऱ्या कोटातले शास्त्रज्ञ. चष्म्याआड डोळे बहुधा दिसतच नाहीत. नेहमीचं म्हणावं असं एकही पात्र नाही, कुणी नायक नाही. आज नावाने हाक मारलेला माणूस उद्या सापडणार नाही. आपल्याकडे रोजची एक चौकट म्हटली की आर. के. लक्ष्मण आठवतात. १९५१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'त येणाऱ्या त्यांच्या 'यू सेड इट'मध्ये चौकड्यांच्या कोटातला, धोतर नेसलेला सामान्य माणूस गप्प उभा असायचा आणि वाचक रोज त्यालाच भेटायला यायचा. त्या चित्राला आजची बातमी लागायची. लार्सन यांच्या चौकटीला बातमी लागत नाही, ओळखीचा चेहराही लागत नाही. तिला लागतो फक्त एक क्षण, आणि तो निवडण्यात त्यांचा हात धरणारा मी पाहिलेला नाही. त्यांचा क्षण बहुतेक वेळा घात होण्याच्या निमिषभर आधीचा असतो. दार अजून उघडलेलं नाही. सिंहाने अजून मागे पाहिलेलं नाही.

चित्र आणि त्याखालची ओळ यांचा सांधा किती विलक्षण असतो, हे ओहायो राज्यातल्या 'डेटन डेली न्यूज'मध्ये १९८१ साली झालेल्या एका चुकीने दाखवून दिलं. तिथे 'द फार साइड' आणि हँक केचम यांचं 'डेनिस द मेनेस' ही दोन चित्रं शेजारीशेजारी छापत. एका दिवशी दोघांच्या ओळींची अदलाबदल झाली. लार्सन यांच्या चित्रात सापांचं कुटुंब जेवायला बसलं होतं आणि पोरगं कुरकुरत होतं की आज परत हॅमस्टरच का! ही ओळ गेली खोडकर डेनिसच्या तोंडी. आणि पीनट बटरचं सँडविच करायला शिकलो म्हणून बरं, नाहीतर उपाशी मेलो असतो, हे डेनिसचं वाक्य आलं सापाच्या पिल्लाकडे. दोन वर्षांनी हीच चूक पुन्हा झाली. लार्सन यांचं म्हणणं असं की चुकीनंतर दोन्ही चित्रं सुधारली. मी ती जोडी अनेकदा पाहिली आहे आणि मला ते पटतं. वाचकाच्या हातात चित्र आणि वाक्य दिलं की तो त्यांच्यात पूल बांधल्याशिवाय राहत नाही. जोडी चुकीची असली तरी बांधतोच.

पण पूल बांधायची ही हौस अंगाशीही येते. २८ ऑक्टोबर १९८२ च्या चित्रात एक गाय टेबलामागे मागच्या पायांवर उभी आहे. टेबलावर चार ओबडधोबड वस्तू मांडल्या आहेत. मागे गोठा. खाली दोनच शब्द: गाईची अवजारं. ना संवाद, ना घटना. वाचक चक्रावले. लार्सन यांच्याकडे पत्रांचा पाऊस पडला, फोन आले, बातमीदारांनी विचारणा केली, आणि अखेर त्यांना चित्राचा खुलासा करणारं निवेदन काढावं लागलं. त्यांना सांगायचं होतं ते साधं होतं. हत्यारं घडवतो तो माणूस, अशी एके काळी मानववंशशास्त्राची व्याख्या होती. पुढे इतर प्राणीही हत्यारं वापरतात हे कळलं. मग गाईने हत्यारं घडवली तर ती कशी असतील? अर्थात फारशी जमलेली नसतील. एवढंच.

मग बिघडलं कुठे? हे त्यांनी १९८९ च्या 'द प्रीहिस्टरी ऑफ द फार साइड' या पुस्तकात मोकळेपणाने सांगितलं आहे. चारपैकी एक वस्तू करवतीसारखी दिसत होती. ती ओळखू आली, म्हणून वाचकांना वाटलं की उरलेल्या तिन्हीही ओळखता यायला हव्यात आणि कोडं तिथेच दडलेलं आहे. मी हे चित्र पुढ्यात ठेवून पुष्कळ वेळ घालवला आहे. करवतीच्या जागी हात ठेवून ती झाकावी, की चित्र लगेच मोकळं होतं. उरतात तीन निरर्थक ठोकळे आणि त्यांच्यामागे उभी ती निर्विकार गाय. एका वस्तूला चार दात काढले आणि सबंध देश तर्क लढवत बसला. माझ्या मते लार्सन यांच्या सगळ्या चित्रांत हे सर्वांत शिकवणारं आहे, कारण वाचकाच्या वाटणीचं काम किती नाजूक मापाने तोलावं लागतं ते इथे उघडं पडतं. एवढं होऊन त्यांना फटका बसला नाही, उलट त्यांचं नाव घरोघर झालं. न कळलेलं चित्र लोकांनी टाकून दिलं नाही. ते एकमेकांना विचारत राहिले. आज चाळीस वर्षांनंतरही ती गाय इंटरनेटवर फिरते आहे.

शास्त्रज्ञांनी या चित्रांना जो जिव्हाळा दिला, तो दुसऱ्या कुठल्याही हास्यचित्रकाराच्या वाट्याला आलेला मला माहीत नाही. १९८२ च्याच एका चित्रात गुहेतला मानव इतर गुहामानवांना व्याख्यान देतो आहे. भिंतीवर स्टेगोसॉरस या डायनोसॉरच्या शेपटीचं चित्र, टोकाला अणकुचीदार काटे. व्याख्याता सांगतो आहे की या भागाचं नाव 'थॅगोमायझर', कैलासवासी थॅग सिमन्स यांच्या स्मरणार्थ. गंमत अशी की त्या काट्यांना शास्त्रात खरोखरच स्वतंत्र नाव नव्हतं. १९९३ साली केनेथ कार्पेंटर या पुराजीवशास्त्रज्ञाने एका परिषदेत निबंध वाचताना हाच शब्द वापरला, आणि तो रुळला. आता तो संग्रहालयांतल्या पाट्यांवर दिसतो. डेल क्लेटन या संशोधकाने १९८९ साली घुबडाच्या अंगावरच्या एका उवेला 'स्ट्रिजिफिलस गॅरीलार्सनाय' हे नाव दिलं. लार्सन यांना तो फार मोठा मान वाटला, आणि तो होताच. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'कॅलिफोर्निया अॅकॅडमी ऑफ सायन्सेस'ने त्यांच्या शेकडो चित्रांचं प्रदर्शन भरवलं, ते पुढे इतर शहरांतही गेलं.

हा जिव्हाळा कशामुळे? एक किस्सा सांगतो. त्यांनी एकदा दिवसभर माणसांना चावून, मलेरिया पसरवून दमून घरी आलेला नर डास काढला. चावते ती मादी, नर चावत नाही, हे सांगणारी पत्रं लगोलग आली. लार्सन यांनी चूक कबूल केली, आणि हेही नोंदवलं की डास कपडे घालतात, घरात राहतात, इंग्रजी बोलतात याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. माझ्या मते त्या पत्रांतच त्यांचा मोठेपणा आहे. इतर कुणाच्या डासाला लोकांनी जीवशास्त्राचा नियम लावला नसता. लार्सन यांचा प्राणी बोलतो, चहा पितो, पण मुळात तो त्याच जातीचा राहतो. साप साप असतो, कोळी कोळी असतो, आणि भूक लागल्यावर तो त्याच्या जातीप्रमाणेच वागतो. निरीक्षण खरं आहे म्हणूनच एक खोटी रेघ डोळ्यांत खुपते. आणि माणूस? त्याला या जगात कुठलाही मान नाही. तो अनेकांपैकी एक प्राणी, बहुधा खाल्ला जाणारा.

दुखावले गेलेलेही होतेच. १९८७ च्या एका चित्रात चिंपांझी मादीला जोडीदाराच्या अंगावर सोनेरी केस सापडतो आणि ती त्याला टोमणा मारते, की त्या जेन गुडॉल नावाच्या बयेकडे परत संशोधन चाललंय का? चिंपांझींच्या अभ्यासक गुडॉल यांच्या संस्थेच्या वतीने वकिलाचं संतप्त पत्र गेलं. स्वतः गुडॉल तेव्हा आफ्रिकेत होत्या. त्यांनी चित्र पाहिलं आणि त्यांना ते मनापासून आवडलं. पुढे ते चित्र टी-शर्टवर छापलं गेलं आणि त्याचा नफा त्यांच्या संस्थेला मिळाला. 'फार साइड'च्या एका संग्रहाला त्यांनी प्रस्तावनाही लिहिली. १९८८ मध्ये लार्सन टांझानियातल्या गोंबे इथे त्यांना भेटायला गेले, तेव्हा फ्रोडो नावाच्या दांडगट चिंपांझीने त्यांना चांगलंच बुकललं.

मराठी वाचक या चित्रांकडे रिकाम्या हाताने येत नाही. दिवाळी अंकांनी आपल्याला पिढ्यानपिढ्या एक चौकट वाचायला शिकवलं आहे. शि. द. फडणीस यांची बिनशब्दांची हास्यचित्रं पाहत आपण वाढलो, वसंत सरवटे यांच्या रेषेतली तिरकस बुद्धी आपल्या ओळखीची आहे. फडणीसांच्या चित्रात सगळं काही चौकटीच्या आतच असतं. पाहावं, उमगावं, प्रसन्न व्हावं. तिथे कुणाला इजा होत नाही. लार्सन यांच्या चित्रात उमगलेली गोष्ट पुष्कळदा भीषण असते आणि हसू आधी येऊन जातं. ज्यांना फडणीसांची सवय आहे त्यांना सुरुवातीला हे कठोर वाटेल. त्यांनी चार-दोन पानं धीर धरावा. या कठोरपणात कुणाचाही द्वेष नाही. ओढ्याकाठी बेडकाला गिळणारा साप पाहताना पोराच्या चेहऱ्यावर जे असतं, ते आहे.

१ जानेवारी १९९५ ला सदर थांबलं. तेव्हा ते १९०० हून अधिक वर्तमानपत्रांत छापलं जात होतं. लार्सन यांचं वय चव्वेचाळीस होतं. थकवा आला होता आणि चित्रं सामान्य व्हायला लागण्याआधी थांबायचं होतं, असं त्यांनी सांगितलं. त्याच वर्षाच्या अखेरीस बिल वॉटरसन यांनी 'केल्विन अँड हॉब्ज' हे सदर थांबवलं. अमेरिकेच्या वर्तमानपत्रांतलं हास्यचित्रांचं पान एका वर्षात किती ओकंबोकं झालं असेल! डॅन पिरारो यांचं 'बिझारो' आधीपासून होतंच, डेव्ह कव्हर्ली यांच्यासारखे चांगले चित्रकारही त्या वाटेने चालले. बोलणाऱ्या गाई आणि गुहामानव काढणारे तर कितीतरी निघाले. त्यांतल्या पुष्कळांनी गाय उचलली, पण वाचकासाठी जागा सोडायला विसरले. चित्रात सगळं सांगून टाकलं. २००३ साली लार्सन यांची ४००० हून अधिक चित्रं दोन अवजड खंडांत एकत्र आली. मी ते खंड मांडीवर घेऊन वाचायचा प्रयत्न केला आहे, पाय बधिर होतात. टेबलच हवं.

इंटरनेट आल्यावर लोक त्यांची चित्रं जिकडेतिकडे लावू लागले, तेव्हा त्यांनी एक पत्र लिहून तसं न करण्याची विनंती केली. ही चित्रं मला माझ्या मुलांसारखी आहेत, रात्री ती कुठे आहेत ते मला ठाऊक असावं असं वाटतं, अशा आशयाचं ते पत्र होतं. काहींना ते आडमुठेपणाचं वाटलं. मला त्यात बापाचा जीव दिसतो. २०१९ च्या डिसेंबरात त्यांनी स्वतःच चित्रांसाठी संकेतस्थळ उघडलं. दरम्यान पंचवीस वर्षं त्यांनी नियमित चित्रं काढली नव्हती. नाताळचं शुभेच्छापत्र काढण्यापुरतं पेन बाहेर यायचं आणि दर वेळी ते शाईने तुंबलेलं असायचं. एका वर्षी कंटाळून त्यांनी चित्रं काढायची इलेक्ट्रॉनिक पाटी आणली आणि बसले रेघोट्या ओढत. जुलै २०२० मध्ये नवी चित्रं आली. रंगीत होती, रेषा थोडी मऊ झालेली होती, आणि एकात जंगलात अस्वलं जेवायला बसली होती.